अंतर तुटले, दुरावा उरला!

नागपूर ते मुंबई हे अंतर किती? प्रश्न शाळेतल्या पोराला घालावा इतका साधा आहे. परंतु उत्तर देणारा बदलला की उत्तरही बदलते. वैमानिक म्हणेल, सरळ रेषेत सुमारे ६८५ किलोमीटर. रेल्वेचा गार्ड म्हणेल, सुमारे ८३७. समृद्धी महामार्गावरचा मोटारवाला म्हणेल, आमण्यापर्यंत ७०१ आणि तेथून मुंबईच्या गर्दीत जे काय नशिबी असेल ते! वेळेचा हिशेब विचाराल तर विमान सुमारे दीड तास सांगते, महामार्ग आठ तासांचे आश्वासन देतो आणि रात्रीची दुरांतो अकरा तासांच्या आसपास घेते. हाच प्रश्न भामरागडकडच्या एखाद्या शेतकऱ्याला करून पाहा. तो किलोमीटर सांगणार नाही, तासही सांगणार नाही. तो सांगेल, मुंबईच्या एका खेपेत मजुरीचे किती दिवस बुडतात आणि कोणापुढे हात पसरावा लागतो. या साऱ्या उत्तरांत खरे उत्तर त्याचेच आहे असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि राज्यकर्त्यांनी ते एकदा तरी कान देऊन ऐकावे यासाठी हा लेखनप्रपंच!

अंतर कमी झाले नाही असे आम्ही म्हणत नाही. जे झाले ते नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल. मुंबईहून निघालेली आगगाडी १८६७ साली नागपुरास पोहोचली, तेव्हा बैलगाडीच्या आठवड्यांचा प्रवास दिवसांवर आला. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरावर गेला आणि मुंबईची वर्तमानपत्रे महाल-सीताबर्डीत येऊ लागली. पुढे विमाने आली. १९४९ साली रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्री आमच्या सोनेगावच्या विमानतळावर उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडण्यापूर्वी आपापल्या घरट्याकडे परतत. ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटर वेगाची ती विमाने. आजच्या मानाने बापुडवाणीच! परंतु त्या थैल्यांत जादा हशील न भरलेली साधी पत्रेही असत. गिरणीमालकाचे पत्र आणि गिरणीकामगाराचे पत्र एकाच थैलीत, एकाच वेगाने उडत असे. देशाच्या मध्यावर बसलेल्या या नगरीने मध्यरात्री जागून चारही महानगरांना एकत्र गुंफले, ही गोष्ट आम्हां नागपूरकरांना आजही अभिमानाची वाटते.

डाकोटा गेली, जेट आले. आजचे जेट विमान ताशी आठशे किलोमीटर वेगाने उडते. त्या हिशेबाने नागपूर-मुंबई ही पन्नास-बावन्न मिनिटांची गोष्ट. मग वेळापत्रकात दीड तास का? याचे कारण असे की वेळापत्रकातला काळ हा केवळ आकाशातला काळ नव्हे. विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी जाऊन थांबेपर्यंतचा सारा वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीकडे रांगत जाणे, उंची गाठणे, ती पुन्हा सोडणे, हे सर्व त्यात आले. त्यातच मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत, आणि गर्दीच्या वेळी आपले विमान पाहुण्यासारखे दाराशी घिरट्या घालीत राहते. शिवाय हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ते मुंबईहून नागपुरास येणाऱ्या विमानाला पाठीवर घेतात आणि नागपुराहून मुंबईस जाणाऱ्याला समोरून अडवतात. राज्यकारभारातला वाराही पुष्कळदा असाच वाहतो. मुंबईहून हुकूम नागपुरास झटकन् येतो. नागपूरचे गाऱ्हाणे मुंबईस जाताना मात्र त्याच्या तोंडावर वारा असतो.

या दीड तासाला पुढचा-मागचा काळ जोडा. विमानतळावर दीड-दोन तास आधी हजर राहणे आलेच. मुंबईत उतरल्यावर मंत्रालय आणखी पंचवीस किलोमीटरांवर. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण झाली आणि तिचे एक स्थानक विधान भवनाच्या नावानेच झाले, ही सोय खरोखर मोठी आहे. तरीदेखील घरच्या उंबरठ्यापासून साहेबांच्या दालनापर्यंत साडेचार-पाच तास धरावेतच. म्हणजे ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे आहेत, तो सकाळी नागपुरात चहा घेऊन दुपारी मंत्रालयात काम करून रात्री पुन्हा घरी जेवू शकतो. व्यापारी, वकील, कंत्राटदार, आमदार आणि अधिकारी यांच्यापुरते नागपूर-मुंबई हे अंतर खचित तुटले आहे. त्यांच्या सुखाचा हेवा करण्याचे आम्हांस कारण नाही. प्रश्न एवढाच, की ज्यांचे अंतर तुटले ते मूठभर, आणि ज्यांच्यासाठी राज्य चालवायचे ते कोट्यवधी आहेत. त्या कोट्यवधींचे काय?

'हवाई चप्पल घालणाराही विमानात बसेल' असे अभिवचन देऊन 'उडान' योजना आली आणि २०१७ साली तिचे पहिले विमान उडाले. त्याच योजनेखाली एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीहून मुंबईस विमान सुरू झाले, याचे आम्ही मोकळ्या मनाने स्वागत करतो. परंतु सवलतीच्या जागा मोजक्या असतात. उरलेल्या जागांचे भाडे मागणीच्या भरतीओहोटीप्रमाणे चढते-उतरते. डिसेंबर २०२५ च्या आरंभी देशातील सर्वात मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, भाडी अस्मानाला भिडली आणि केंद्र सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली. पाचशे ते हजार किलोमीटरच्या प्रवासाला ती मर्यादा किती होती? बारा हजार रुपये! नागपूर-मुंबई नेमके याच गटात बसते. जेथे सरकारने प्रवाशांच्या रक्षणार्थ बांधलेली वेसच बारा हजारांवर असते, तेथे हवाई चप्पल घालणाऱ्याने विमान पाहावे ते मान वर करून, शेतातूनच!

आता दुसऱ्या उतारूकडे वळू. समजा, जमिनीच्या मोबदल्याचे किंवा रखडलेल्या निवृत्तिवेतनाचे प्रकरण घेऊन भामरागडहून एक मनुष्य मुंबईस निघाला आहे. त्याला प्रथम नागपूर गाठायचे आहे. तेच तीनशे किलोमीटरांहून अधिक, एस. टी. बदलत, रस्त्याची आणि ऋतूची मर्जी सांभाळत. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंधच तुटतो. तेव्हा नागपूर काय आणि मुंबई काय, दोन्ही सारखीच! पूर नसला तरी नागपुरात पोहोचेपर्यंत त्याचा दिवस संपतो. आरक्षण मिळाले तर आडवे होऊन, न मिळाले तर साध्या डब्याच्या दाराशी बसून त्याची रात्र जाते. सकाळी मुंबई. मग मुखमार्जनापासून प्रवेशपत्राच्या रांगेपर्यंत सारे सोपस्कार. दुपारी दालनापाशी पोहोचावे तो शिपाई सांगतो, साहेब बैठकीला गेले आहेत, उद्या या. 'उद्या या' या दोन शब्दांची किंमत फोर्टमध्ये राहणाऱ्याला एका बसच्या तिकिटाएवढी, आणि भामरागडच्या माणसाला एका महिन्याच्या शिलकीएवढी असते. हा फरक कोणत्याही वेळापत्रकात छापलेला नाही, म्हणून तो नाहीच असे समजायचे काय?

समृद्धी महामार्गाचे उदाहरण घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी, आणि टप्प्याटप्प्याने जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे, असे ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. दहा जिल्ह्यांतून जाणारा हा रस्ता म्हणजे अभियांत्रिकीचा पराक्रम आहे, यात शंका नाही. परंतु १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री नागपूरहून पुण्यास निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर पेटली आणि पंचवीस उतारू झोपेतच होरपळून गेले. रस्ता जलद झाला म्हणजे प्रवास सुखरूप झाला असे नव्हे, हा धडा त्या पंचवीस जणांनी प्राण देऊन शिकवला. आणखी एक गोष्ट. हा मार्ग ज्यांच्या शेतांमधून गेला, त्या गावकऱ्यांना त्यावर कोठूनही चढता येत नाही. कुंपणापलीकडून सुसाटणाऱ्या मोटारी पाहत त्यांनी आपल्या जुन्याच रस्त्याने तालुक्याला जायचे. मोठ्या शहरांमधले अंतर तोडताना मधल्या माणसाला अंतरावर ठेवण्याचीच ही रीत नव्हे काय?

पृथ्वीच्या गतीने मुंबईपेक्षा नागपुरात सूर्य सुमारे पंचवीस मिनिटे आधी उगवतो. १९०६ साली देशाला एक प्रमाणवेळ मिळाली, तरी मुंबई शहराने पुढे कित्येक वर्षे आपले स्वतःचे घड्याळ सोडले नव्हते. आज दोन्ही नगरींची घड्याळे एक झाली आहेत. पण दोन्हीकडच्या माणसांच्या वेळेची किंमत एक झालेली नाही. सूर्य आमच्याकडे आधी येतो, निर्णय मात्र मागाहून येतो!

हे गाऱ्हाणे आजचे नाही आणि ते ओळखणारी माणसेही होऊन गेली आहेत. २८ सप्टेंबर १९५३ रोजी यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील आदी नेत्यांनी ज्या नागपूर करारावर सह्या केल्या, तो नीट वाचावा. एकत्र मराठी राज्य होणार, त्याची राजधानी मुंबईत राहणार आणि म्हणून विदर्भ-मराठवाड्याचा मनुष्य दूर पडणार, हे त्या नेत्यांनी आधीच हेरले होते. यासाठीच सरकारने दर वर्षी ठराविक काळ आपला मुक्काम नागपुरास हलवावा, विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन येथे भरवावे, उच्च न्यायालयाचे एक पीठ येथे असावे आणि विकेंद्रीकरणाचे तत्त्व मान्य करावे, असे त्यात स्पष्टपणे नमूद झाले. अंतर केवळ गाड्या वाढवून तुटत नाही, सत्तेने स्वतः चालत जावे लागते, ही जाण त्या करारात होती. १९५६ साली आमच्या शहराने राजधानीचा मान उतरवून ठेवला तो या विश्वासावर!

त्या विश्वासाचे पुढे काय झाले? उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे आहे आणि ते उत्तम चालले आहे. जेथे शब्द पाळला तेथे त्याचे फळही मिळाले. पण सरकारचा मुक्काम? २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे अधिवेशन नागपुरात झालेच नाही, हे समजण्याजोगे आहे. परंतु २०२४ चे अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर आणि २०२५ चे ८ ते १४ डिसेंबर! एक आठवडा म्हणजे मुक्काम नव्हे, धावती भेट झाली. वऱ्हाडात पाहुणासुद्धा याहून अधिक दिवस राहतो. मोर्चे निघतात, घोषणा होतात, हुरडा पार्ट्या झडतात, संत्र्यांच्या करंड्या विमानात चढतात आणि सोमवारी सारे सरकार पुन्हा अरबी समुद्राच्या काठी! विमान दीड तासात जाते ही सोय आम्हांला सरकार जवळ आणण्यासाठी हवी होती. सरकारने ती आमच्यापासून लवकर निघून जाण्यासाठी वापरली. याला दैवदुर्विलास म्हणावे की आणखी काही?

वैधानिक विकास मंडळांचीही तीच कथा. घटनेच्या ३७१ (२) या कलमाच्या आधारे ती १९९४ साली स्थापन झाली. मागास विभागांचा अनुशेष मोजून तो राज्यपालांपुढे मांडणे हे त्यांचे काम. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. २०२२ साली त्यांच्या पुनरुज्जीवनाचा ठराव मंत्रिमंडळाने केला. पण ठराव करणे निराळे आणि मंडळाच्या कचेरीत अधिकाराने माणूस बसवणे निराळे. मोजपट्टीच हातातून गेल्यावर अंतर मोजायचे कशाने?

कोणी म्हणेल, तुम्हांला वेगळ्या राज्याचा वाद उकरून काढायचा आहे. तो आमचा आजचा विषय नव्हे. आम्ही मागतो ते एकत्र राज्याच्या अटीवर दिलेलेच वचन आहे. दुसरा कोणी म्हणेल, आता सर्वत्र विमानतळ होत आहेत, नवी मुंबईचाही झाला, तेव्हा थोडा धीर धरा. त्यास आम्ही कोल्हापूरकडे बोट दाखवू. कोल्हापुरासही मुंबईचे विमान आहे. मग तेथील वकिलांनी आणि पक्षकारांनी उच्च न्यायालयाच्या पीठासाठी दशकानुदशके लढा का दिला? कारण सावंतवाडीच्या कुळाला किंवा सोलापूरच्या विणकराला विमानाने न्याय मागायला जाता येत नाही, हे ते जाणून होते. अखेर १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांचे मुंबईचे अंतर एका दिवसात तुटले. त्यासाठी एकही धावपट्टी लांबवावी लागली नाही. पक्षकाराने न्यायाकडे जाण्याऐवजी न्याय पक्षकाराकडे गेला, इतकेच!

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आणि मोजक्या आहेत. पहिली, हिवाळी अधिवेशनाची मुदत आधी जाहीर व्हावी आणि ती आठवड्याची नव्हे, निदान महिन्याची असावी; त्या काळात प्रत्येक खात्याच्या सचिवाने नागपुरात बसून लोकांची प्रकरणे ऐकावीत व त्यांपैकी किती निकालात निघाली याचा हिशेब सभागृहापुढे ठेवावा. दुसरी, ज्या अपिलांसाठी आणि सुनावण्यांसाठी आज माणसाला मंत्रालयाची पायरी चढावी लागते, त्यांचे अंतिम अधिकार नागपूर व अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या कचेऱ्यांत द्यावेत. जेथे ते शक्य नसेल तेथे तहसिलीतून दूरदृश्य प्रणालीने सुनावणी व्हावी. महामारीच्या काळात न्यायालये अशी चालली, मग मंत्रालय का चालू नये? तिसरी, नागपूर-मुंबई गाड्यांना साधे आणि शयनयान डबे वाढवून मिळावेत, आणि विमानभाड्याची वेस संकटापुरती न बांधता सणासुदीच्या व अधिवेशनाच्या काळीही असावी. चौथी, समृद्धीवर ओतलेल्या उत्साहाचा दहावा हिस्सा तरी गडचिरोली, मेळघाट आणि यवतमाळच्या आतल्या रस्त्यांवर व पुलांवर ओतावा. नागपूर मुंबईला जोडले, आता भामरागड नागपूरला जोडा!

यांतली कोणतीही मागणी आकाशाला गवसणी घालणारी नाही. विमान उडवायला लागते त्याहून कमी इंधनात ती पुरी होईल. लागेल ती केवळ इच्छा. सीताबर्डीजवळ ब्रिटिश अमदानीत उभारलेला 'झिरो माईल'चा स्तंभ आहे. इतर गावांची अंतरे जेथून मोजावीत, असे ते शून्याचे ठिकाण. महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे, की एकदा त्या स्तंभापाशी उभे राहून त्यांनी राज्याचे अंतर मोजावे. मोजताना विमानाचे वेळापत्रक हाती घेऊ नये. अर्जाची घडी खिशात घालून तीन दिवसांच्या वाटेला लागलेल्या माणसाची पावले मोजावीत. ज्या दिवशी त्या माणसाला मुंबईस जाण्याची गरजच उरणार नाही, त्या दिवशी नागपूर-मुंबई अंतर खऱ्या अर्थाने तुटले असे आम्ही म्हणू. तोवर दीड तासाच्या गोष्टी सांगणाऱ्यांना आमचे एकच उत्तर: विमान पोहोचले, महाराज, महाराष्ट्र अजून वाटेतच आहे!